महेंद्रचा तणमोर

आष्ट्यात कुणाच्या घरचं माणूस गेलं की दोन-तीन दिवसांत त्या घरातलं कुणीतरी स्टँडमागच्या महेंद्र फोटो स्टुडिओची पायरी चढतं. हातात मोबाईल असतो, मोबाईलमध्ये कुठल्यातरी लग्नातला फोटो. नवरा-नवरी समोर झकास उभे, आणि गेलेला माणूस मागच्या रांगेत कुणाच्या तरी फेट्याआड अर्धा, नाहीतर पंगतीत तोंडाशी घास धरलेला.

"ह्यातनं काढा वैनी. दहाव्याच्या आत पायजे."

विजयमाला बनसोडे त्यातून माणूस काढून देते. लग्न होऊन या घरात आल्यापासून ती हेच करते आहे. आधी बारीक ब्रश आणि शाई घेऊन करायची, आता कॉम्प्युटरवर. काम सुरू करण्याआधी ती एक प्रश्न हमखास विचारते, "कान कसे होते?" आलेली माणसं एकमेकांकडे बघतात. जन्मभर एका घरात राहिलेली असतात, पण कान कुणालाच सांगता येत नाहीत. मग ती दिसणारा कान उलटा करून दुसऱ्या बाजूला बसवते. मिशीचं तसंच. खांद्याची रेघ मध्येच तुटली असेल तर जोडते. गळ्यापाशी फाटलेला सदरा असला तर कोट घालते. कॉम्प्युटरमध्ये तिच्याकडे तीन कोट आहेत, दोन पदर आहेत आणि मिलिटरीचा एक गणवेश. जन्मात कोट न घातलेला माणूस स्टुडिओतून कोट घालून बाहेर पडतो आणि हार घालून भिंतीवर बसतो. घरच्यांना बरं वाटतं.

या स्टुडिओतून कुणी कधी मूळ फोटो मागून नेलेला नाही. साफ केलेला तोच फोटो. विजयमालाच्या डोक्यात याबद्दल कधी दुसरा विचार आला नव्हता.

महेंद्र तिचा नवरा. लग्नांचे फोटो काढायचा. एका वर्षी आटपाडीकडच्या लग्नात वरात यायला उशीर झाला, मांडवात नुसतं बसून कंटाळला आणि समोरच्या बाभळीवरच्या पक्ष्याचा त्याने फोटो काढला. त्या दिवसापासून हे खूळ लागलं. ज्या रविवारी मुहूर्त नसेल त्या रविवारी गाडीला किक मारून तो माळावर पळायचा. सासूबाई होत्या तोवर दारात उभ्या राहून बोलायच्या, "मानसं निदान फोटो बगून चांगला आलाय म्हनत्यात. पाखरं काय म्हनत्यात रं तुला?"

विजयमाला त्याच्याबरोबर कधी गेली नाही. दुकान कुणीतरी उघडं ठेवायला हवं होतं. पण रविवारची संध्याकाळ दोघांची असायची. सातारा-सांगलीकडच्या पक्षी बघणाऱ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, 'माळरान मंडळी' नावाचा. त्यात शिक्षक होते, एक जनावरांचा डॉक्टर, एक एसटी कंडक्टर, ऊसवाल्यांची दोन-चार पोरं. रविवारी संध्याकाळी ज्याला जो पक्षी ओळखता आला नसेल त्याचा फोटो तो ग्रुपवर टाकायचा. फोटो हललेले, उन्हाविरुद्ध काढलेले, नुसती शेपूट आलेले. बाकीच्यांनी ओळखायचं. नियम एकच होता आणि तो साताऱ्याच्या राजवर्धन जगदाळे सरांनी घातला होता. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. आधी फोटोत दिसतं ते लिहायचं, नाव नंतर. कुणी थेट नाव लिहिलं की सरांकडून फक्त एक प्रश्नचिन्ह यायचं.

महेंद्र तो फोटो मोठा करून विजयमालाच्या पुढ्यात धरायचा. ती पिठाचे हात तसेच वर धरून वाकून बघायची.

"मान आत ओढून बसलाय. डोकं मोठं हाय. चोच दिसत न्हाई."

"मग कोन?"

"खाटीक असंल."

"वेडा राघू का न्हाई?"

"राघू असा रागानं बसतोय व्हय? ह्यो बघा, सासऱ्यावानी बसलाय."

महेंद्र हसायचा आणि 'सासऱ्यावानी' सोडून बाकीचं तिथे लिहायचा. बऱ्याच वेळा बरोबर निघायचं, कधी चुकायचं. चुकलं की ती म्हणायची, "तुमच्याच मोबाईलची काच घाण हाय."

पोरगी प्रियदर्शनी फलटणला दिली. सासरे दादासो, मिलिटरीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही, पण जिभेला हाड नाही. पाव्हणेरावळे जमले की विचारायचे, "आमचं व्याही सद्या काय करत्यात? पाखरं राखत्यात." सगळे हसायचे. प्रियदर्शनी चहाचे कप गोळा करत आत जायची. माहेरी आली की वडिलांवर चिडायची, "पप्पा, निदान लोकांना सांगू तरी नका रविवारी कुठं जाता ते." महेंद्र म्हणायचा, "बरं, देवळात जातो म्हणून सांग." बनसोड्यांच्या बौद्ध घरातून देवळात कोण जाणार? ती आणखी चिडायची आणि मग तिलाच हसू यायचं.

मग त्या भाद्रपदात ते घडलं. आटपाडीच्या पुढच्या माळावर गवत कमरेएवढं वाढलं होतं. महेंद्र बांधाला टेकून बसला होता. त्याच्या म्हणण्याप्रमाणे गवतातून एक काळा-पांढरा पक्षी सरळ वर उडाला, माणसाच्या उंचीपेक्षा जास्त, आणि होता तिथेच खाली उतरला. थोड्या वेळाने पुन्हा तसाच. दुसऱ्या वेळी महेंद्रने फोटो काढला. कॅमेऱ्याने पुढचं गवत धरलं आणि मागचा पक्षी पुसट आला. तिसऱ्यांदा तो पक्षी उडालाच नाही.

संध्याकाळी परत येऊन त्याने सांगितलं, तणमोर. आपल्याकडे आता जवळजवळ कुणालाच दिसत नाही तो. कोंबडीएवढा, डोक्यामागे मिशीसारखी वळलेली बारीक पिसं असलेला. पावसाळ्यात नर गवतातून असाच उड्या मारतो.

फोटो ग्रुपवर गेला. महेंद्रने नियम मोडला, नाव आधी लिहिलं. सरांचं प्रश्नचिन्ह आलं नाही, फोन आला. "महेंद्र, तू काय बघितलंस ते मी विचारत नाही. फोटोत काय दिसतं तेवढंच सांग." मग पुढच्या महिन्यात कराडला सगळे जमले तेव्हा सरांनी तोच फोटो पडद्यावर लावला आणि ओळख न पटलेल्या फोटोंत टाकला. मागून जयराज, ऊसवाल्यांचा पोरगा, ओरडला, "टिटवी हाय गड्या ती! महेंद्रदादाला बघून नाचायला लागली." सर हसले. सगळे हसले. महेंद्रही हसला.

त्यानंतर त्याचं नाव टिटवीवाले पडलं. कुणी दुष्टपणाने म्हणत नव्हतं. वाढदिवसाला सुद्धा जयराजने लिहिलं, "टिटवीवाल्या दादांना लय लय शुभेच्छा." महेंद्रने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पण गवत वाळेपर्यंत तो प्रत्येक रविवारी त्याच माळावर जात राहिला. दुसरीकडे कुठे नाही. येताना कॅमेरा रिकामा असायचा. दिवाळीनंतर पोट दुखायला लागलं, आणि मिरजेच्या डॉक्टरांनी तपासण्या करून जे सांगितलं ते ऐकल्यावर माळाचा विषय संपला.

दवाखान्यात तो फार बोलायचा नाही. एकदा दुपारी विजयमाला मोसंबी सोलत होती तेव्हा म्हणाला, "टिटवी उडताना वरडत उडती. ह्ये गप हुतं." तिला आधी कळलंच नाही तो कशाबद्दल बोलतोय. शेवटी शेवटी त्याने मुलीला जवळ बोलावून सांगितलं ते बँकेच्या पासबुकाबद्दल असेल असं सगळ्यांना वाटलं. ते होतं, "जयराजला सांग, टिटवी सरळ वर उडत न्हाई. तिरकी जाती."

तो गेल्यावर त्याचा फोटो विजयमालाने स्वतःच तयार केला. दुसऱ्यांच्या लग्नात जन्म गेलेला माणूस, त्याचा स्वतःचा एकही धड फोटो नव्हता. कोट घातला नाही. त्याला कोट आवडत नसे.

आणि पुढच्या पावसाळ्यात, दुकानात गिऱ्हाईक नसताना एका दुपारी तिने तो माळावरचा फोटो उघडला. खोटं करायचं तिच्या मनात नव्हतं. फोटो मळका होता, तिने साफ केला. रवाळपणा काढला, मान जरा गडद केली, पंखावरचं पांढरं उजळलं. डोक्यामागे एक बारीक काळी रेघ निघून मध्येच तुटत होती. ती तिने जोडली. काम करताना तिचा हात आपोआप चालतो, फेट्याचा शेमला तुटला की जोडतो, पदराचा काठ तुटला की जोडतो. रेघ जोडली तशी ती छान वळली. विजयमाला खुर्चीत मागे टेकली आणि बघतच राहिली. समोर तणमोर होता. डोक्यामागे मिशीसारखी पिसं. महेंद्र बरोबर होता.

तिने तो फोटो सरांना पाठवला. लिहिलं, "सर, ह्यांचा फोटो साफ केला. आता बघा."

सरांचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "वहिनी, हे पीस मला तेव्हा दिसलंच नाही हो. त्याची माफी मागायला आता तो नाही." दोन्ही जिल्ह्यांतल्या पक्ष्यांची एक पुस्तिका निघणार होती. तिच्यात आतलं पूर्ण पान या फोटोला मिळालं. प्रकाशन साताऱ्यात. बातमी पेपरात आली, महेंद्रच्या फोटोसकट. प्रियदर्शनीने सरांना फोन करून सांगितलं की नावाआधी 'कै.' लिहू नका, आमच्यात कालकथित म्हणतात, आणि सरांनी ते लगेच बदललं. फलटणला दादासोंनी पेपराचं कात्रण खिशात ठेवलं. चहाच्या टपरीवर, सलूनमध्ये, माजी सैनिकांच्या बैठकीत, जिथे जातील तिथे काढून दाखवायचे. "आमचं व्याही. सायंटिस्टला जमलं न्हाई ते ह्या गड्यानं केलं." प्रियदर्शनीने आईला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती हसत होती आणि रडत होती. सासऱ्यांना ती मामा म्हणायची. "मम्मी, आज मी चहा घेऊन बाहेर गेले तर मामा मला म्हणाले, बस इथं."

प्रकाशनाला थोडे दिवस उरले असताना गुंडा नावाचा एकजण आला. तो गावाबाहेरच्या मळ्यात राहायचा. त्याची आई, बनुबाई, आठवड्यापूर्वी गेली होती. फोटो नातीच्या बारशातला, म्हातारीचं अर्धं तोंड पाळण्याच्या दोरीआड आणि सावलीत. विजयमालाने नेहमीप्रमाणे काम केलं. उजेडातला डोळा उलटा करून सावलीतल्या जागी बसवला. सुरकुत्या थोड्या मऊ केल्या. गुंडा बायकोला घेऊन फोटो न्यायला आला. त्याने तो हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"वैनी, फोटो लय झ्याक झालाय. पन ही कोन?"

"कोन म्हंजे? आई की तुमची."

"न्हाई. आमच्या आईचा ह्यो डोळा ल्हानपनी देवीत गेला हुता. मिटलेलाच असायचा. जन्मात उघडा बगितला न्हाई आमी."

बायको म्हणाली, "असू द्या की आवं. किती चांगल्या दिसत्यात. सगळी म्हनतील, म्हातारी काय रुबाबदार हुती."

"मग दुसऱ्याची आई लावू व्हय भितीला?" गुंडा एकदम चढ्या आवाजात बोलला, आणि मग त्याचे डोळे भरले. "रागावू नगा वैनी. पन ह्या डोळ्यानं ती माझ्याकडं कवा बगितलीच न्हाई."

विजयमालाने दुसरा फोटो करून देईन म्हणून सांगितलं. ती दोघं गेली. तिने शटर अर्धं ओढलं आणि कॉम्प्युटरपुढे बसली. बनुबाईची फाइल उघडली नाही. माळावरची उघडली, मूळची, मळकी.

तिने तो फोटो जितका मोठा होईल तितका मोठा केला. डोक्यामागून निघणारी ती बारीक काळी रेघ डोक्यातून निघतच नव्हती. ती खालून येत होती, गवतातून. पुढच्या गवताची एक पात होती ती, वाकलेली, सावलीत काळी झालेली. डोक्यापाशी आल्यावर पुसट होऊन संपत होती. पुढचं वळण विजयमालाचं होतं. ते झाकून बघितल्यावर उरत होतं ते फार थोडं. तिने हाताने पडदा झाकून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं, लांब जाऊन दारातून पाहिलं. तणमोर परत आला नाही.

तिने प्रियदर्शनीला फोन केला. सगळं सांगितलं. पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"मम्मी, हे कुणाला सांगितलंस?"

"कुनाला न्हाई. तुला."

"मग सांगू नको."

"आगं, पिसं मी काढल्यात ती."

"पप्पांनी बघितलं होतं ना? मग तू काढलंस ते खरंच असणार. फोटो काय, तू कोट नाही घालत लोकांना? त्याला कोण खोटं म्हणतं?"

"लोकं भितीवर लावत्यात ते. हे पुस्तकात जानार हाय. उद्या कोन त्या माळावर तणमोर हुडकत जाईल."

"जाऊ दे की! काय बिघडतं?" तिचा आवाज फाटला. "मम्मी, मामांनी जीप ठरवलीय. घरातली सगळी येणार हायत. पप्पांना एकदाच कुणीतरी चांगलं म्हणतंय, तेवढं तरी राहू दे. तुला मी हात जोडते."

फोन ठेवल्यावर तिने भाकरी थापली, खाल्ली, भांडी घासली. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ती साताऱ्याची एसटी धरून गेली.

जगदाळे सरांच्या पत्नींनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, चहा टाकला. सरांना वाटलं ती प्रकाशनाबद्दल विचारायला आली आहे. तिने पर्समधून पेन ड्राइव्ह काढून पुढे ठेवला.

सरांनी दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. चष्मा कपाळावर सरकवून नाक पडद्याला टेकेल इतके जवळ गेले.

"ही रेघ?"

"गवताची पात हाय. पुढचं वळण मी काढलं."

"तुम्ही काढलं."

"तुटलं हुतं, जोडलं. मुद्दाम न्हाई सर. हाताला सवय हाय."

सर पुन्हा पडद्याकडे वळले. चहा आला, त्यावर साय धरली. मग म्हणाले, "मूळ फाइल मी मागायला हवी होती. प्रत्येकाकडे मागतो. तुमच्याकडे मागितली नाही. मला तो तणमोर हवा होता, वहिनी. कराडला सगळ्यांदेखत मी त्याला हसलो होतो."

"व्हय. हसला हुता."

सरांनी मान खाली घातली. "पुस्तिका छापून झाली आहे. तुम्ही म्हणाल तसं करू. पण मला विचाराल तर राहू द्या. पात असेल, पीस असेल. तो माणूस स्वतःच्या डोळ्यांनी बघून आला होता."

विजयमालाने कप खाली ठेवला. "हे तवा म्हनला असता तर त्येनी ऐकलं असतं, सर."

बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या त्या आत गेल्या.

"आता तुमच्या नियमानं सांगा," विजयमाला म्हणाली. "त्या फोटोत काय दिसतंय तेवढंच."

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मूळ फोटोकडे बघत राहिले.

"काळं काहीतरी. पंखावर पांढरं. पुढे गवत."

"टिटवी?"

"टिटवी आहे असंही म्हणता येत नाही."

ती थोडी थांबली. त्यापुढे सर आणखी काही बोलतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी पेन ड्राइव्ह काढून तिच्या हातात दिला. तिने उरलेला चहा गार झाला तरी पिऊन टाकला, कारण बाईंनी केला होता, आणि उठली.

प्रकाशनाच्या दिवशी हॉलच्या बाहेर टेबलावर जयराज आणि दोघं-तिघं बसून पुस्तिकेच्या एका पानावर कागदाच्या चिठ्ठ्या डकवत होते. 'तणमोर' या शब्दावर चिठ्ठी, चिठ्ठीवर छापलेलं, 'ओळख निश्चित नाही'. फोटो साफ केलेलाच राहिला होता, तो बदलायला वेळ नव्हता. त्याखाली 'मूळ छायाचित्रात पिसे स्पष्ट नाहीत' अशी आणखी एक ओळ. विजयमाला जवळून गेली तेव्हा जयराज उठून उभा राहिला. बोटांना डिंक लागला होता. "वैनी," तो म्हणाला, आणि बोटं पँटला पुसली. "बसा, बसा. पंख्याखाली बसा."

फलटणची जीप उशिरा आली. दादासो इस्त्रीच्या कपड्यांत, छातीवर पदकं लावून आले होते. प्रियदर्शनी सगळ्यात शेवटी उतरली. आईकडे न बघता आत जाऊन बसली. सरांनी बोलताना सगळं खरं सांगितलं. चूक माझी, म्हणाले. महेंद्र बनसोडे हा आमच्यातला सगळ्यात चिकाटीचा माणूस होता, म्हणाले. टाळ्या वाजल्या, पण माणसं एकमेकांकडे बघून वाजवत होती. नक्की कशाला वाजवायच्या ते कुणाला समजलं नाही.

बाहेर चहाच्या वेळी दादासो सरळ विजयमालापुढे येऊन उभे राहिले.

"विहीनबाई, त्या सरांचं मला काय उमगलं न्हाई. पात म्हनं, पीस म्हनं. मला येकच सांगा. व्याह्यांनी ते पाखरू बगितलं का न्हाई बगितलं?"

भोवतीची चार माणसं वळून बघायला लागली. दादासोंनी टोमणा मारलेला नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. खिशात अजून ते कात्रण होतं, वरून कोपरा दिसत होता.

"म्हाईत न्हाई, पाव्हणं," विजयमाला म्हणाली.

दादासोंनी दोनदा मान हलवली. "बरं," म्हणाले आणि चहाचा कागदी कप चुरगाळून टोपलीत टाकायला गेले. मग ते जीपमध्ये जाऊन पुढे बसले.

प्रियदर्शनी आईजवळ आली ती निघताना. जीप चालू होती. "एवढंच म्हणायचं होतं, बघितलं म्हणून. फोटोचं राहू दे. निदान हे तरी."

"मी न्हवते तिथं, बाळा."

"तू बायको होतीस ना त्यांची? तुला पण माहीत नाही?"

तिने जीपचं दार धरलं. मग साडी सावरून जीपमध्ये चढली.

आष्ट्याच्या बसमध्ये विजयमालाला खिडकीची जागा मिळाली. ती महेंद्र माळावरून परत आला त्या संध्याकाळचं सगळं आठवत होती. त्याच्या पँटला कुसळं होती. तो दुकानाच्या दारात उभा राहून बोलत होता, भराभर, मध्येच अडखळत. ती कॉम्प्युटरवर एका नवरीच्या अल्बमचं काम करत होती, नवरीच्या घरच्यांना गळ्याखालची घडी कमी करून हवी होती. तो बोलत होता तेवढा वेळ ती ते करत होती. "हात धुवा आधी," ती म्हणाली होती. माणसाने खरंच काही बघितलेलं असलं की ते तोंडावर दिसतं, आणि महेंद्रचं तोंड तिला इतकं पाठ होतं की बाकी कुणाला नाही तरी तिला कळलं असतं. तेवढं आज दादासोंना सांगता आलं असतं. पोरीला सांगता आलं असतं. पण तिने मागे वळून बघितलं नव्हतं. त्या संध्याकाळचा आवाज तिच्याकडे होता, कुसळं होती, चेहरा नव्हता. तो कशातून काढणार?

कराडला बस भरली. एक बाई पोतं घेऊन शेजारी येऊन उभी राहिली.

"जरा सरकता का आक्का?"

विजयमाला सरकली, आणि सरांनी दिलेल्या पुस्तिकांची पिशवी मांडीवर घेतली.